ड्रमर नेहमी घडीतच का जातो

आम्ही चार-पाच जण मिळून एक हौशी मासिक काढतो, त्यात मित्रांच्या बँडवर दोन पानी फीचर लावायचं काम माझ्याकडे आलं. लेख दुसऱ्याचा, मांडणी माझी. स्क्रीनवर स्प्रेड, म्हणजे समोरासमोरची दोन पानं, कसलं भारी दिसत होतं, दोन्ही पानांवर आडवा पसरलेला एकच फोटो, पुढे चौघं आणि मागे मधोमध ड्रमर. अंक छापून हातात आला, उघडला, तर ड्रमरचा एक डोळा डाव्या पानावर, एक उजव्या पानावर आणि नाक बाइंडिंगमध्ये. तो बिचारा काही बोलला नाही पण त्याच्या आईने विचारलं म्हणे, यात तू नक्की कुठेयस?

मग खजील होऊन घरातले सगळे जुने रॉक मॅगझिन्सचे अंक काढले आणि लेख न वाचता फक्त स्प्रेड बघत बसले. ही मासिकं वरवर कितीही राडा घातल्यासारखी दिसली, फाटका कागद, वाकडी अक्षरं, शाईचे शिंतोडे, तरी त्याच्या खाली आखणी एकदम कडक असते. एकदा ती दिसायला लागली की परत न दिसणं अवघड आहे.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे एका पानावर कडेपर्यंत भिडलेला फोटो आणि समोरच्या पानावर मजकूर, तीन किंवा चार कॉलममध्ये. दोन पानांवर फोटो पसरलाच तर गायकाला मुद्दाम एका बाजूला घेतात आणि दुसऱ्या बाजूला आकाश, भिंत, धूर असलं काहीतरी रिकामं ठेवतात, म्हणजे मथळा तिथे बसतो आणि घडीत कोणाचं थोबाड जात नाही. गायक कुठे बघतोय हेही ठरवलेलं असतं, एक तर थेट वाचणाऱ्याच्या डोळ्यात, नाहीतर मजकुराच्या दिशेने. तो पानाबाहेर बघत असेल तर आपली नजरपण त्याच्यामागे बाहेर जाते, करून बघा. आणि ड्रमर? तो फोटोत मागे आणि मधे उभा असतो म्हणून घडीच्या सगळ्यात जवळ तोच. माझ्याकडच्या अंकांमध्ये घडीत सापडलेले ड्रमर मी मोजायला घेतले होते, नंतर वाईट वाटून सोडून दिलं.

घडीचा प्रकार पण बाइंडिंगवर असतो हे मला छापून झाल्यावर कळलं (अर्थात). पिना मारलेल्या अंकात मधोमधची दोन पानं म्हणजे एकच अखंड कागद असतो, तिथे फोटो बिनधास्त पसरा, पोस्टर तिथेच देतात ते त्यामुळेच. बाकी कुठल्याही स्प्रेडची दोन पानं वेगवेगळ्या कागदांवर छापलेली असतात, त्यामुळे रंगात जरा फरक पडू शकतो, रेघ वरखाली होऊ शकते. आणि गोंदाने चिकटवलेला अंक असेल तर तो मधली काही मिलिमीटर जागा चक्क गिळतो, म्हणून फोटोचे दोन्ही अर्धे थोडे बाहेर सरकवून लावायचे असतात. माझा अंक गोंदाचा होता.

मजकुरातले नियम पण ठरलेले. वर मोठा मथळा, बहुतेक वेळा शब्दांवर कोटी किंवा गायकाचं एखादं वाक्य, त्याखाली दोन-तीन ओळींचा उपमथळा, त्यातच लिहिणाऱ्याचं आणि फोटोग्राफरचं नाव. रॉक मासिकांत फोटोवाल्याला लेखकाच्या बरोबरीचं स्थान असतं हे मला फार आवडतं. मग तीन-चार ओळी उंचीचं पहिलं अक्षर, म्हणजे इथून वाचायला सुरू कर असं बोट दाखवल्यासारखं. मुलाखत असेल तर प्रश्न बोल्ड, उत्तर साधं. आणि मधे कुठेतरी पुल कोट, मुलाखतीतलं सगळ्यात आग लावणारं वाक्य मोठ्या टायपात. इथे बरीच लबाडी चालते हां, मागची-पुढची वाक्यं काढली की साधं बोलणं पण भांडण वाटतं, आणि पानं चाळणारा माणूस तेवढंच वाचून पुढे जातो.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं हा तर रॉकवाल्यांचा जीव की प्राण. मीही केलं. पण बारीक टायप असेल तर छपाईत काळी शाई अक्षरांच्या नाजूक रेघांत शिरते आणि अक्षर बुजतं, त्यामुळे फॉन्ट जाड घ्यावा लागतो. केरॅंगसारखी मेटल संगीताकडे झुकणारी मासिकं काळं-लाल-पांढरं एवढ्यावर खेळताना दिसतात, टायप जाडजूड, ते त्यांना जमतं.

हा फाटका लूक आला कुठून तर मुख्यतः पंक रॉकमधून. १९७६ साली लंडनमध्ये स्निफिन ग्लू नावाचं फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनीच काढलेलं घरगुती मासिक, निघालं, टाइपरायटरवर मजकूर, स्केचपेनने मथळे, फोटोकॉपी करून वाटायचं. तेव्हा तो नाइलाज होता, पैसे आणि वेळ दोन्ही नाही. आता तोच नाइलाज आपण सॉफ्टवेअरमध्ये तीन तास घालवून बनवतो, टेपचे तुकडे स्कॅन करून लावतो, मी लावलेत, मला बोलायचा अधिकार आहे. उलट टोकाला रोलिंग स्टोन, १९६७ मध्ये सुरू झालेलं, पानाभोवती दुहेरी रेघांची चौकट, जुन्या पुस्तकासारखी, आणि पानाचा आकार मोठा. २००८ मध्ये त्यांनी आकार नेहमीच्या मासिकाएवढा केला, आणि मोठ्या पानावर फोटोला जी ऐट होती ती गेलीच थोडी, माझं मत.

आणि खरोखर नियम मोडणारा एकच आठवतो, रे गन मासिकाची मांडणी करणारा डेव्हिड कार्सन. १९९४ मध्ये गायक ब्रायन फेरीची मुलाखत त्याला कंटाळवाणी वाटली म्हणून त्याने ती अख्खी झाफ डिंगबॅट्स या फॉन्टमध्ये लावली, म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या चांदण्या, बाण, चौकोन. एक शब्द वाचता येत नाही. पण ते स्प्रेड नीट बघा, चिन्हांच्या गठ्ठ्यातसुद्धा कॉलम आहेत! आणि वाचता येणारी मुलाखत त्याच अंकात मागे छापलेली होती.

माझ्या पुढच्या अंकासाठी तोच फोटो परत वापरतेय, ड्रमरची माफी म्हणून. सगळा फोटो चार सेंटिमीटर डावीकडे सरकवला, आता त्याचं तोंड पूर्ण दिसतंय, नाकासकट. गायकाचं कोपर पानाबाहेर कापलं गेलंय, त्याला अजून सांगितलं नाहीये.