रस्ता लाल आहे

२४ सप्टेंबर, वीक, आइसलँड

आज कुठेच गेलो नाही. खरं तर आत्ता योकुल्सारलोनला असायला हवं होतं, ते बर्फाचे डोंगरच्या डोंगर तरंगतात ते सरोवर, ज्याच्यासाठी मुळात ही ट्रिप काढली, पण सकाळी साडेसहाला नवऱ्याने मोबाइलवर रस्त्यांचा नकाशा उघडला तर वीकच्या पुढे सगळी लाल रेघ. बंद. आणि इकडे दुसरा रस्ता वगैरे नसतो, आख्ख्या बेटाला वळसा घालणारा एकच हायवे, रूट वन, तेराशे किलोमीटरच्या वर, तो बंद म्हणजे बंद. आपल्याकडे असतो तर म्हणालो असतो चला आतल्या रस्त्याने काढू. इथे आत म्हणजे ग्लेशियर.

कारण काय तर वारा. पाऊस नाही, बर्फ नाही, नुसता वारा. इथे तो मीटर पर सेकंदमध्ये सांगतात, सकाळी ३२ दिसत होता, मला वाटलं हात्तिच्या, ३२ तर आहे, मग ३.६ ने गुणलं तर ताशी ११५ किलोमीटर! पुढे काळ्या वाळूचं मोकळं मैदान आहे आणि असल्या वाऱ्यात ती वाळू उडून गाडीचा रंग खरवडून काढते म्हणे. वाऱ्याबद्दल आता मी काही बोलणार नाही कारण काल पेट्रोल पंपावर आईने गाडीचं दार नेहमीसारखं उघडलं आणि ते तिच्या हातातून सुटून खाडकन उलटं पुढे गेलं, बिजागरीच वाकली. गाडी घेताना काउंटरवरच्या मुलाने दोनदा बजावलं होतं, दार दोन्ही हातांनी धरून उघडा, वाऱ्याने मोडलं तर इन्शुरन्समध्ये बसत नाही. आम्ही हो हो केलं. किती पैसे लागणार ते अजून कळलं नाहीये, नवरा तो विषय काढत नाहीये, आई सकाळपासून जरा जास्तच गोड बोलतेय त्याच्याशी.

आईला आणावं की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली होती. गुडघे, थंडी, खाणं. आता वाटतं आई नसती तर मी इथे नुसते फोटो काढत फिरले असते. रेकयाविकला पहिल्या दिवशी बाथरूममधला गरम नळ सोडला, तर जमिनीतूनच गरम पाणी येतं ना त्यांच्याकडे, गंधकाचा वास, मी नाक दाबलं आणि ही म्हणते, अगं वज्रेश्वरीला आल्यासारखं वाटतंय, सांधे मोकळे होतील. मग मोठ्या हौसेने तिला तिथल्या सार्वजनिक स्विमिंग पूलवर नेलं. तिथे नियम असा की पाण्यात उतरायच्या आधी शॉवरखाली सगळे कपडे काढून साबणाने आंघोळ करायची, बायका बायकांत पण सगळ्यांसमोर, आणि भिंतीवर माणसाचं चित्र, कुठे कुठे घासायचं ते रंगवून दाखवलेलं. आईने ते चित्र नीट बघितलं, टॉवेल घट्ट धरला आणि म्हणाली, तू जा, मी बाहेर बसते. मी एकटी गेले. दहा मिनिटांनी बघते तर बाई शेजारच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून दोन आज्यांबरोबर हातवारे करत गप्पा मारतायत. कुठल्या भाषेत ते मला अजून कळलेलं नाही.

पण कालचं राहिलंच. रेनिस्फियाराला गेलो होतो, तो काळ्या वाळूचा किनारा. तिथे वर एक दिवा लावलाय, लाल असला तर खाली लाटांकडे जायचं नाही, कारण एखादी लाट अचानक नेहमीपेक्षा कितीतरी आत येते आणि माणूस ओढून नेते, लोक मेलेत तिथे. काल पिवळा होता, म्हणून कड्याला चिकटूनच उभे राहिलो. त्या कड्याला षटकोनी दगडी खांब आहेत, पेन्सिली उभ्या लावून ठेवल्यासारखे, सगळे जण त्यावर चढून फोटो काढत होते. आई बराच वेळ गप्प बघत राहिली आणि म्हणाली, ही तर आपली गावदेवीची टेकडी!

मला दोन मिनिटं कळेच ना. मग पेटली. अंधेरीची गिल्बर्ट हिल! मी लहानाची मोठी तिच्या खाली झाले, आई देवीला पायऱ्या चढून जायची, आणि त्या २०० फूट उंच दगडाकडे मी कधी मान वर करून बघितलं नाही. तेच, बेसॉल्टच, लाव्हा थंड होताना तडकून झालेले खांब. बरं, वयाचं म्हणाल तर आइसलँडचा सगळ्यात जुना खडक दीडेक कोटी वर्षांचा आणि आपली टेकडी साडेसहा कोटींची. म्हणजे आपली टेकडी यांची पणजी, आणि तिच्याभोवती आपण बिल्डिंगी बांधून ठेवल्यात. मी दीड लाखाचं तिकीट काढून तिच्या पणतीला बघायला आले.

आज दुपारी गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंबरोबर किचनमध्ये बसलो. आईने उपमा केला (रवा, मोहरी, कढीपत्ता सगळं बॅगेतून), त्यांनी राय ब्रेड आणि लोणी दिलं. आईने आडनाव विचारलं तर कळलं की बहुतेकांना आडनाव नसतंच, वडिलांच्या नावापुढे मुलगा असेल तर सोन, मुलगी असेल तर डोत्तिर, आणि सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात. आई म्हणाली, मग काय, आपलं मधलं नाव यांनी शेवटी टाकलं. टेकडीवरचं लाल छपराचं चर्च दाखवून बाई म्हणाल्या, मागच्या ग्लेशियरखाली कात्ला नावाचा ज्वालामुखी आहे, १९१८ नंतर मोठा फुटला नाहीये, फुटला तर बर्फ वितळून पूर येईल, तेव्हा सगळ्यांनी वर चर्चकडे पळायचं. अगदी शांतपणे, डबा कुठे ठेवलाय सांगावा तसं. मी भाषांतर केलं. आई म्हणाली, मग आपण खालची खोली का घेतली?

आत्ता रात्रीचे साडेदहा. खिडकी अजून खडखडतेय, नकाशा लालच. ढग असल्यामुळे नॉर्दर्न लाइट्सचा प्रश्नच नाही. आईच्या बीपीची गोळी शोधायला तिची पर्स उघडली तर रुमालात काहीतरी जड. काळा गुळगुळीत गोटा, किनाऱ्यावरचा. देवघरात ठेवायला. मी म्हणलं अगं इथले दगड नेत नाहीत, उद्या जाताना परत ठेवून येऊ.

डोळे मिटूनच म्हणाली, उद्या रस्ता उघडला तर बघू.