खंडेनवमीच्या आधी

मंठ्याजवळ आमच्या गावात अण्णांचं पत्र्याचं शेड आहे. कुळवाची पास, पाभरीचा फण, जे मोडेल ते तिथं दुरुस्त व्हायचं. त्यांचे गुडघे गेले तशी चार वर्षं ते फक्त खंडेनवमीच्या पूजेपुरतं उघडतं. यंदा नवमीच्या आधी आठ दिवस रजा काढून गेलो. पान्हे एकमेकांना चिकटलेले, शेगड्याचा, म्हणजे काम घट्ट धरणाऱ्या व्हाइसचा, स्क्रू हलेना.

मी जालन्यात लेथवर असतो. ग्राइंडर हाताशी होता, पण लावला नाही. तो गंजाबरोबर लोखंडही खातो, आणि पान्ह्याचं तोंड ढिलं झालं की नट गोल होतात.

आधी तेलाचा काट काढला. डिझेलमध्ये रात्रभर भिजवून तारेचा ब्रश, मग साबण. तेलकटपणा राहिला तर पुढचं पाणी गंजापर्यंत पोचत नाही. मग किराणातलं लिंबूसत्व, लिटरला 50 ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात. संध्याकाळी बुडवलेल्या पकडी-छिन्न्यांचा गंज सकाळी काळ्या चिखलासारखा बोटानं निघाला. स्प्रिंगा टाकल्या नाहीत. कडक पोलादात आम्लामुळं हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. जस्ताचा मुलामा असलेले बोल्टही बाजूलाच ठेवले.

पहिला घाणा बोअरच्या पाण्यानं धुऊन उन्हात मांडला, तर चहा होईस्तोवर पुन्हा पिवळा! पुढचे सगळे खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळले, मग उकळत्या पाण्यात. लोखंड तापलं की पाणी आपसूक उडतं. गरम असतानाच तेल चोळलं.

शेगड्याला तीन दिवस लागले. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आट्यांत फुगून बसतो. डिझेल, हलके ठोके, पाव फेरा पुढं, पाव मागं. जोर केला असता तर आटेच गेले असते.

जीव तुटला तो ऐरणीपाशी. बाजूला ओळीनं पाच खड्डे. दर नवमीला पाण्यात कालवलेल्या कुंकवाची बोटं जिथं उमटायची, नेमके तिथंच. ओल तिथंच धरून राहिलेली. बाजेवर बसलेल्या अण्णांना धरून आणून दाखवलं. ते बराच वेळ त्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवत राहिले.

यंदा आईनं कुंकू करडीच्या तेलात कालवलं.