माझा पहिला बॅजर ब्रश आणि आमच्या बोअरचं पाणी

मे महिन्यात दाढीनंतर मान कशी जळते, हे नागपूरकराला सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास, घाम येतो आणि अंगावरच वाळतो, त्याचं मीठ ताज्या दाढीवर झोंबत राहतं. माझी नोकरी अशी की रोज गुळगुळीत दाढी करूनच जावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात गळ्याच्या डाव्या बाजूला पुळ्यांची एक पट्टीच उठली. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि दोन गोष्टी बजावल्या: केसांच्या उलट दिशेने रेझर फिरवायचा नाही, आणि केस आधी नीट भिजू द्यायचे. डब्यातला तयार फोम तेव्हापासून बंद केला. तो चेहऱ्यावर वरवर बसतो, केसाच्या बुडापर्यंत पाणी पोचवत नाही.

सीताबर्डीवरून एक साधा नायलॉनचा ब्रश आणि क्रीमची ट्यूब आणली. फेस व्हायचा, पण ब्रशची टोकं गालाला खरवडायची, आणि पुळ्यांवरून तो फिरवताना डोळ्यांत पाणी यायचं. मऊ ब्रश हवा होता. वाचत गेलो तसं कळलं की ब्रश मुख्यतः चार प्रकारचे असतात: डुकराच्या राठ केसांचे, घोड्याच्या केसांचे, बॅजर नावाच्या जंगली प्राण्याच्या केसांचे आणि कृत्रिम धाग्यांचे. त्यात पाणी धरून ठेवण्यात आणि टोकांच्या मऊपणात बॅजरचं नाव सगळ्यांत आधी घेतलं जातं. इतवारीत दोन दुकानांत विचारलं. एका दुकानदाराने "बिज्जू का बाल?" म्हणून मान हलवली. बिज्जू म्हणजे विदर्भातल्या जंगलात आढळणारं चांदी अस्वल, ते वेगळं. ब्रशाचे केस प्रामुख्याने चीनमधून येतात, तिकडच्या बॅजरचे.

मग ऑनलाइन एक मागवला. 'प्युअर बॅजर', किंमत नऊशे. आला तेव्हा दिसायला देखणा होता, काळपट केस, चकचकीत दांडा. पहिल्या दाढीला पंधरा-वीस केस गळाले आणि गाल नायलॉनच्या ब्रशपेक्षा जास्त चुरचुरला. मी बायकोला दाखवला. ती शाळेत चित्रकला शिकवते आणि ब्रशच्या बाबतीत तिचा हात आणि डोळा दोन्ही पक्के आहेत. तिने ब्रश खिडकीशी नेला, केस अंगठ्याने मागे वाकवले आणि म्हणाली, "अहो, ही टोकं कापलेली आहेत. चांगल्या ब्रशचं टोक कधी कापत नाहीत, जनावराच्या अंगावर जसं निमुळतं होतं तसंच ठेवतात. आकार द्यायचा तो बुडाकडून देतात."

तिचं हे एक वाक्य मला सगळ्या वाचनापेक्षा जास्त उपयोगी पडलं. नैसर्गिक केस टोकाकडे बारीक होत जातो, म्हणून तो त्वचेला मऊ लागतो. तोच केस कात्रीने छाटला की टोक बोथट होतं आणि टोचतं. मग तिने सात-आठ केस उपटून एकेक मेणबत्तीवर धरला. काही केस जळल्याचा ओळखीचा वास देत भुगा झाले, आणि तीन चक्क वितळून त्यांचे कडक मणी झाले. म्हणजे भेसळ होती. विकणाऱ्याने 'वापरलेला माल परत घेत नाही' म्हणून सांगितलं. ते नऊशे रुपये गेले.

बॅजरच्या नावावर दुसरंच काही खपवणं हे जुनं दुखणं आहे, आणि एकदा ते जिवावरही बेतलेलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अस्सल केस मिळणं अवघड झालं, तेव्हा घोड्याचे केस बॅजरसारखे दिसतील असे करून त्यांचे ब्रश विकले गेले. नीट निर्जंतुक न केलेल्या त्या केसांमधून ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांना आणि नागरिकांनाही अँथ्रॅक्स झाला. हे वाचल्यापासून कोणताही नवा ब्रश मी आधी शाम्पूने धुतल्याशिवाय तोंडाला लावत नाही. आज तो धोका जवळपास उरलेला नाही, पण धुण्याची सवय चांगलीच आहे.

दुसरा ब्रश घेण्याआधी महालात आमच्या जुन्या घराजवळच्या सलूनमध्ये गेलो. तिथल्या काकांनी माझी पहिली दाढी केली होती. मला वाटलं, ते तरी चांगला ब्रश कोणता ते सांगतील. त्यांनी उलटाच प्रश्न केला.

"भाऊ, तुम्ही राहून कुठं राहिले आता?"

"बेसाकडे, काका."

"पाणी नळाचं का बोअरचं?"

"बोअरचं. कधी टँकर."

"मंग ब्रश कायले बदलून राहिले? आधी पाणी बदला. बोअरच्या पाण्यात कोणताच ब्रश फेस देत नाही. गिऱ्हाईकाले वाटते क्रीम खराब हाय."

दादा अजून महालातच राहतो. त्याच्याकडून महापालिकेच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन वाट्या मांडल्या: एकीत आमच्या बोअरचं, एकीत दादाकडचं, एकीत आमच्या आरओ फिल्टरचं. तिन्हींत बदामाएवढं क्रीम आणि तोच जुना नायलॉनचा ब्रश, दर वेळी धुऊन. प्रत्येकी एक मिनिट घोटलं. बोअरच्या वाटीत मोठे मोठे बुडबुडे आले आणि बघता बघता बसले, कडेला दह्याच्या पाण्यासारखा पांढरा साका राहिला. दादाकडच्या पाण्यात फेस बराच घट्ट झाला. आरओच्या वाटीत तो श्रीखंडासारखा उभा राहिला. बायको म्हणाली, "हा प्रयोग मी वर्गात दाखवणार."

कारण शाळेतलंच आहे. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणातली मेदाम्लं त्यांच्याशी जुळली की न विरघळणारा साका तयार होतो, आणि तेवढा साबण फेसासाठी उरतच नाही. शहरातल्या नळांना पाणी पेंचचं आणि कन्हानचं येतं, नदीचं. आमच्या बोअरचं पाणी खडकातून झिरपत खोलवरून येतं आणि येताना हे क्षार घेऊन येतं. गीझरवर आणि नळाच्या तोटीवर जी पांढरी पुटं चढतात, ती याचीच. मी इतके दिवस ब्रशला दोष देत होतो, त्यातला अर्धा या पाण्याचा होता.

मग बॅजर ब्रश घ्यायचा तरी कशाला, असं वाटलं होतं. पण फेस झाला तरी नायलॉनच्या टोकांचं खरवडणं तसंच होतं, आणि गळ्याला मऊपणा हवाच होता. शिवाय पाण्याचं गणित बॅजरच्या बाजूने जात होतं. हे केस ओले झाले की आपल्यात बरंच पाणी धरून ठेवतात आणि घोटताना ते हळूहळू सोडतात. वरून पुन्हा पुन्हा पाणी घालावं लागत नाही. म्हणजे एका दाढीला आरओचं पेलाभर पाणी पुरतं. डुकराच्या राठ केसांच्या ब्रशला ते जमत नाही, तो पाणी कमी धरतो. त्याची टोकं वापराने फाटून मऊ होतात हे खरं, पण त्याला बरेच आठवडे लागतात आणि माझा गळा तेवढं थांबायला तयार नव्हता.

आता निवड. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप ही जी नावं असतात, ती चढत्या प्रतीची मानतात. प्युअरचे केस गडद आणि राठ, सिल्व्हरटिपची टोकं पांढरीशुभ्र आणि सगळ्यांत मऊ. पण या नावांना सगळ्या कारखान्यांत एकच माप नाही. एकाचा 'सुपर' दुसऱ्याचा 'बेस्ट' असू शकतो. जर्मनीतल्या म्यूलेसारखी किंवा ब्रिटिश सिम्पसन आणि केंटसारखी जुनी नावं आपापली प्रत वर्षानुवर्षं सांभाळतात (केंट तर १७७७ पासूनची), पण त्यांच्या किमती माझ्या पहिल्या ब्रशला परवडणाऱ्या नव्हत्या. म्हणून मी नाव सोडून आकडे विचारायला लागलो.

आकडे दोनच लागतात. केसांच्या जुडग्याचा बुडाशी व्यास, आणि दांड्यातून बाहेर आलेल्या केसांची उंची. व्यास साधारण २० ते २६ मिलिमीटर असतो. उंची व्यासाच्या दुपटीच्या जवळपास असली की ब्रशला ताठपणा राहतो. ती फार वाढली की ब्रश लुळा पडतो, गालावर दाबला की पसरून बसतो. वाटीत फेस घोटणाऱ्याला थोडा लुळा चालतो. मी सरळ चेहऱ्यावरच घोटतो, त्यामुळे मला ताठपणा हवा होता. २६ चा ब्रश हातात धरून पाहिला तर तो ओठांवर फिरवताना नाकात जातो आणि क्रीमही जास्त पितो. मी २४ व्यास आणि ५० उंची ठरवली. डोकं घुमटाकार घेतलं, पंख्यासारखं पसरट नको, कारण घुमटाचं टोक मिशीखाली नेमकं पोचतं. दांडा रेझिनचा. लाकडाचा मनात भरला होता, पण आपल्या पावसाळ्यात ओल्या लाकडाची मला धास्ती वाटली.

दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याशी फोनवर बोललो. त्यांनी विनंतीवरून कॅलिपर लावून मापाचे फोटो पाठवले आणि टोकांचा जवळून काढलेला एक फोटोही. बायकोने तो मोठा करून पाहिला. "कापलेली नाहीत. घ्या." 'बेस्ट' प्रतीचा, किंमत दोन हजार सहाशे.

पैसे पाठवायच्या आदल्या रात्री आईने विचारलं. ती माळकरी आहे.

"कायचे केस आहे रे बाबू त्या ब्रशाले?"

मी खरं ते सांगितलं. हे केस मेंढीच्या लोकरीसारखे कातरून काढलेले नसतात, त्यासाठी जनावर मारलेलं असतं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग देवघराजवळच्या बेसिनवर नको ठेवू." त्या रात्री मी पुन्हा कृत्रिम धाग्यांच्या ब्रशांकडे वळलो. आताचे चांगले कृत्रिम ब्रश माझ्या सीताबर्डीच्या ब्रशसारखे नाहीत, ते खरोखर मऊ असतात आणि पटकन वाळतात. ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्याने बॅजरला संरक्षण आहे. आपल्याकडे मुंगसाच्या केसांच्या चित्रकलेच्या ब्रशांवर बंदी आहे, बायको मुलांना ते दरवर्षी सांगते. दोन दिवस मी ऑर्डर दिली नाही. शेवटी दिली ती या ठरावावर, की हा पहिला आणि शेवटचा, आणि नीट सांभाळला तर वीस वर्षं चालेल असा सांभाळायचा. ज्याला हे पटत नसेल त्याने खुशाल कृत्रिम घ्यावा. आईचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. बायकोने एवढंच विचारलं, "नक्की ना?" मी नक्की म्हणालो.

ब्रश आला तेव्हा त्याला जनावराचा वास होता, पावसात भिजलेल्या कुत्र्यासारखा. शाम्पूने दोनदा धुतला, मग साबणाच्या फेसात माखून रात्रभर ठेवला, असं तीन रात्री. चौथ्या दाढीला वास गेला. पहिल्या आठवड्यात पाच-सहा केस गळाले, त्यानंतर नाही. उकळतं पाणी कधी वापरलं नाही, कोमटच, कारण जुडगं आत डिंकाने बसवलेलं असतं आणि कढत पाण्याने केसही खराब होतात. दाबून गोल गोल घासायचं नाही हेही हाताला शिकवावं लागलं. तसं केलं की मधले केस बुडाशी तुटतात आणि मध्यात खड्डा पडतो. नुसत्या टोकांनी, रंगाचा हात मारावा तसं फिरवायचं. तेही बायकोनेच मनगट धरून दाखवलं.

दाढीत फरक पडला तो दहा-बारा दिवसांत. फेस गळ्यावर दोन मिनिटं तसाच ओला राहतो, केस नरम पडतात, आणि रेझर एका फेरीत निघून जातो. पूर्वी तीन फेऱ्या लागायच्या. जूनच्या मध्यापर्यंत पुळ्यांची पट्टी मावळली. डॉक्टरांचं मलम तेव्हा चालूच होतं, त्यामुळे सगळं श्रेय ब्रशचं नाही.

पावसाळ्याने मात्र नवं काम दिलं. मे महिन्यात तो तासाभरात खडखडीत वाळायचा. जुलैत दुसऱ्या दिवशी सकाळीही बुडाशी ओला लागायचा आणि कुबट वास यायला लागला. तेव्हापासून तो बाथरूममध्ये ठेवत नाही. वापरून झाला की धुतो, जोरात झटकतो, टॉवेलवर दोन-चार हात मारतो आणि मागच्या गॅलरीत खिडकीच्या कडेला, उन्हाआड पण वाऱ्यात उभा ठेवतो. ती जागा देवघरापासून लांब आहे.

ऑगस्टमध्ये ब्रश धुवायला मी आळसाने पुन्हा बोअरचंच पाणी वापरायला लागलो होतो, आणि महिनाभरात केस राठ लागू लागले. कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून पाच मिनिटं बुडवला, मग साध्या पाण्याने धुतला. पहिल्यासारखा मऊ झाला. आता आरओचं एक तांब्याभर पाणी सकाळी बाजूला निघतं, निम्मं दाढीला आणि निम्मं ब्रश धुवायला. परवा आईनेच ते भरून ठेवलं होतं.