एक टी-बार, तीन उतार आणि माझं उजवं वळण (स्कीइंगचे दिवस २२ ते २५)

मंडळी, मागच्या नोंदीत मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की यंदा लाल, म्हणजे अवघड उतारांवर जाणार. तसं काही झालं नाही. चार दिवस काढले ते अशा टेकडीवर, जिथे एक टी-बार (ओढत वर नेणारी लिफ्ट), पोराटोरांसाठी एक बुटकी दोरीची लिफ्ट आणि तीन आखलेले उतार एवढाच सगळा कारभार. दोन निळे, म्हणजे सोपे, एक लाल, आणि तो लाल बर्फ अपुरा म्हणून पहिले दोन दिवस बंदच. माथा ते तळ उभा फरक १८० मीटर. वर जायला चार मिनिटं, खाली यायला मला दोनसुद्धा लागत नाहीत. पहिल्या सकाळी सहा खेपा झाल्यावर भाचीने विचारलं, "मावशी, चार दिवस हेच?"

हेच. आणि गेल्या तीन हंगामांत जे लक्षात आलं नव्हतं ते इथे आलं, म्हणून ही नोंद जरा लांबणार आहे.

आधी साहित्याचं उरकते. बूट माझेच, स्की भाड्याचे, १५६ सेंटिमीटर, वर छापलेली वळणाची त्रिज्या १३ मीटर. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, लावताना दुकानात वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि 'तुम्ही कसं स्की करता' असं विचारतात, त्यावरून किती जोर आला की ती सुटावी याचा आकडा तक्त्यात काढतात. मी दरवेळी ऐटीत 'मध्यम' सांगायचे. यंदा मुकाट 'सावध' सांगितलं. पन्नाशी पार केलेल्यांना त्या तक्त्यात तशीही एक ओळ वर सरकवतात, म्हणजे बाइंडिंग लवकर सुटतं. गुडघे माझे आहेत, ऐट कुणाला दाखवायची.

दिवस २२. टी-बारशी माझी ही पहिली गाठ. आजवर बसायच्या लिफ्टवर लाड झालेले. टी-बार म्हणजे वर फिरणाऱ्या तारेला लटकलेली, उलट्या टीच्या आकाराची दांडी. दोघं जण दोन बाजूंना उभे राहतात, आडवी दांडी मागून टेकते आणि ओढत नेते. टेकते म्हटलं की माणूस बसायला जातो. मी बसले. दांडीचा दोर लांबतच गेला आणि मी बर्फात. लिफ्टवरचे काका यंत्र थांबवून शांतपणे म्हणाले, "बसू नका. उभं राहा, ती ओढेल." दुसऱ्या खेपेला भाचीबरोबर निघाले. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे दांडी तिच्या मांडीखाली आणि माझ्या कमरेत. अर्ध्या वाटेवर माझा स्की तिच्या स्कीवर चढला आणि दोघी आडव्या. इथे एकच नियम लक्षात ठेवायचा: दांडी सोडा आणि आधी लिफ्टच्या वाटेतून बाजूला लोळा, चष्मा-पोल नंतर शोधा, कारण मागून पुढची जोडी येतच असते. तिसऱ्या खेपेपासून आम्ही वेगवेगळ्या गेलो. एकटीने जाताना दांडी एका बाजूला खेचते, तेवढं सांभाळलं की झालं.

(या ओढणाऱ्या लिफ्टचा इतिहास मला भारी आवडतो. १९०८ साली जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये शोलाख इथे रोबर्ट विंटरहाल्डर नावाच्या खानावळवाल्याने पाणचक्कीच्या जोरावर अशी पहिली लिफ्ट चालवली. उभा चढ उणापुरा ३२ मीटर! पुढे १९३४ मध्ये एर्न्स्ट कोन्स्टाम या अभियंत्याने दावोसला एकेकट्याला ओढणारी लिफ्ट उभी केली आणि तिचीच दोघांना ओढणारी बहीण म्हणजे आपली टी-बार. बर्फात बसकण मारलेली असताना हे सगळं आठवत नाही, ती गोष्ट वेगळी.)

आता मुद्द्याचं. खुर्चीच्या लिफ्टवर आपण उंचावरून जातो, पाय लोंबकळत असतात, गप्पा चालू असतात. टी-बार जमिनीवरून, उताराच्या अगदी कडेने जाते. सकाळी यंत्राने फणी फिरवून ठेवलेला उतार, त्यावर बारीक समांतर रेघा, आणि माणसं मोजून दहा-बारा. म्हणजे मी आत्ता खाली आले त्या माझ्याच खुणा दहा हातांवर, जवळजवळ डोळ्यासमोर. मोठ्या जागी पंधरा मिनिटांत शंभर जणांनी त्या पुसून टाकल्या असत्या. इथे त्या तासभर तशाच राहिल्या, आणि वर जाताना चार मिनिटं दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

डावीकडची वळणं छान. दोन स्वच्छ रेघा, सुरीने लोण्यात ओढाव्यात तशा. उजवीकडच्या वळणांत आतली रेघ तशीच, खोल. बाहेरच्या स्कीची मात्र रेघच नाही, हातभर रुंद फरफटलेला पट्टा. खालच्या टोकाला तो पंख्यासारखा पसरलेला. आधी वाटलं हे दुसऱ्या कुणाचं तरी असेल. पुढच्या खेपेला मुद्दाम अगदी कडेने आले आणि वर जाताना पाहिलं. माझंच होतं.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी: उजवीकडे वळताना भार डाव्या, म्हणजे बाहेरच्या स्कीवर हवा. स्कीची कंबर बारीक असते; ती कडेवर कलवून दाबली की वाकते आणि कमानीवर आपसूक वळते. जितकं जास्त कलवाल तितकं वळण घट्ट. हिशेबाने ६० अंश कलवली तर छापलेली त्रिज्या निम्मी होते, माझ्या स्कीची साडेसहा मीटर. मी जेमतेम ३० अंशांपर्यंत जात असेन, म्हणजे अकरा मीटरच्या आसपास. पण भारच आतल्या पायावर राहिला तर बाहेरची स्की नुसती घसटत येते. माझी तशीच येत होती. भाचीने मागून येऊन व्हिडिओ काढला आणि निकाल दिला, "मावशी, तुझा डावा पाय नुसता फिरायला आलाय."

दिवस २३. रात्री कडाक्याची थंडी पडली. आदल्या दुपारी वितळलेलं सगळं गोठून सकाळी काच. उतार पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दहाच्या सुमारास वरचा थर मऊ पडायला लागतो. तोवर आवाजानेच घाबरायला होतं. खर्र. अशा बर्फावर खोट लपत नाही. डावीकडे कशीबशी तरी पकड मिळत होती, उजवीकडे मी थेट कडेच्या जाळीकडे.

संशय पहिला: डाव्या स्कीची धार गेलेली. नखाने तपासलं. नख कडेवर आडवं घासायचं, पांढरा भुगा निघाला तर धार आहे. दोन्हीचा निघाला, डावीचा जरा कमी. मग वाटलं, उगाच तर्क कशाला? स्कीला डावं-उजवं नसतं. उजव्या स्कीच्या टोकाला निळी चिकटपट्टी लावली आणि दोन्हींची अदलाबदल केली. दोष स्कीत असेल तर तो आता डावीकडच्या वळणात दिसायला हवा. पाच खेपा केल्या, दरवेळी लिफ्टवरून खुणा बघितल्या. फरफट उजवीकडच्या वळणातच. म्हणजे स्की निर्दोष, पाय दोषी. दुकानात जाऊन दुसरी जोडी मागायची माझी सगळी तयारी झाली होती, ती लाजेने मागे घेतली.

दुपारी तोफेजवळ थांबले होते. खालच्या टप्प्यावर इथे कृत्रिम बर्फ आहे, त्यासाठी एकच तोफ. लिफ्टवाल्या काकांकडून कळलं की ते नुसतं तापमान बघून तोफ लावत नाहीत, हवेतला ओलावाही बघतात. हवा कोरडी असेल तर पारा शून्याच्या किंचित वर असतानाही बर्फ होतो, कारण बाष्पीभवनाने थेंब आणखी गार होतात. दमट असेल तर शून्याखालीही नीट जमत नाही. हा बर्फ गोल, बारीक दाण्यांचा आणि जड. त्यावर कड लगेच लागते, पण वरच्या नैसर्गिक बर्फावरून त्याच्यावर येताना स्की दचकते. जिथे दोन्ही मिळतात तिथे दोन दिवसांत चौघांना पडताना पाहिलं. त्यातली एक मी.

त्या दिवशीची शेवटची खेप. थकून वर चाललेय, पाय सरळ, डोक्यात काही नाही. गंमत म्हणून नडग्या पुढे दाबून बघितल्या. उजवी टाच बुटात जागची हलली नाही. डावी उचलली गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा उचलली गेली. चांगली बोटभर.

दोन वर्षांपूर्वी डावा घोटा मुरगळला होता. तेव्हा सूज होती म्हणून त्या बुटाचे बकल दोन दात सैल लावायचे. सूज महिन्याभरात गेली, हात मात्र अजून दोन दात सैलच लावत होता. वर कळस म्हणजे आतल्या गरम चोळण्याची मोहरी बुटात कोंबलेली. नडगीवर तिची घडी रुतायची, दुखायचं, म्हणून वरचं बकल आणखी सैल. अशा बुटात मी डाव्या पायावर काय भार टाकणार? नडगी दाबली की टाच उठते आणि कडेपर्यंत काही पोचतच नाही. शरीर शहाणं, ते गपचूप उजव्या पायावर उभं राहत होतं.

दिवस २४. बूट घालण्यातच पंधरा मिनिटं. चोळण्याची मोहरी वर दुमडली, आत फक्त एक पातळ मोजा. टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवली, आधी घोट्यावरचं बकल, मग वरची, बोटांवरची सगळ्यात शेवटी आणि हलक्या हाताने. डावा बूट परका वाटत होता. पहिल्या तीन खेपांत काही फरक नाही, उलट पाय आखडला. सवय नुसती बकलात नव्हती, डोक्यातही होती.

मग निळ्या उतारावर दोनच कवायती. पहिली: उजवीकडे वळताना आतल्या, उजव्या स्कीचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, जरासं उचलायचं. फसवायला जागाच नाही. भार डावीवर नसेल तर उचलताच येत नाही. दुसरी: बाहेरच्या हातातला पोल बर्फावर घासत न्यायचा, म्हणजे खांदा वळणाच्या आत झुकत नाही. पहिली कवायत दिसायला फार वाईट दिसते. शेजारून सात-आठ वर्षांची मुलं सुसाट जात होती आणि मी एका पायावर बगळ्यासारखी. त्यातला एक मुलगा थांबून बघत राहिला, अगदी उताराच्या मधोमध. त्याला म्हटलं, बाळा, थांबायचं तर कडेला. खालच्या माणसाला सांभाळणं वरून येणाऱ्याचं काम, हे खरं. पण अरुंद जागी मधे उभं राहू नये हेही स्कीइंगच्या त्याच नियमावलीत आहे.

एकोणीस, वीस, एकवीस. बाविसाव्या खेपेनंतर लिफ्टवरून बघितलं तर उजव्या वळणात दोन रेघा. बाहेरची अजून थोडी जाड, पण रेघ. पुढच्या खेपेला पुन्हा फरफट. दुपारपर्यंत दर दहा उजव्या वळणांत सहा स्वच्छ, एवढा हिशेब वहीत मांडला. लाल उतार त्या दिवशी उघडला होता. भाची तीनदा जाऊन आली. मी गेले नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. सव्वीस खेपांनी मांड्यांचा लगदा झाला होता. टी-बारवर विश्रांती नसते हे लक्षात ठेवून खेपा मोजा. खुर्चीवर बसून जाणाऱ्यांचे आकडे इथे लावू नका.

दिवस २५. रात्रभर हिमवर्षाव, सकाळी दहा-बारा सेंटिमीटर भुरभुरीत बर्फ आणि असं धुकं की आकाश कुठे संपतं आणि उतार कुठे सुरू होतो ते कळेना. सावल्याच नाहीत, त्यामुळे उंचवटा पायाखाली आला की मगच कळतो. फिकट भिंगाचा गॉगल भाचीकडे, माझ्याकडे भर उन्हाचा गडद. अर्धा दिवस चाचपडण्यात गेला आणि घाबरले की डावा पाय परत जुन्या नोकरीवर रुजू. खुणा बघायचीही सोय नाही. मी वर पोचेपर्यंत वरून पडणारा बर्फ त्या अर्ध्या बुजवत होता.

एकच गोष्ट जमेची. धुक्यात काही दिसत नाही म्हटल्यावर पायाचं ऐकायला लागले. भार नीट आला की डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दाब जाणवतो आणि बूट गप्प असतो; आला नाही की टाच हलकेच टकटक करते. दिसण्याची गरज नाही.

एक वाजता वारा वाढला आणि काकांनी लिफ्ट बंद केली. परत जायची तयारी केली, स्की दुकानात दिले. निळी पट्टी काढायची राहून गेली, ती बहुतेक अजून त्या स्कीवर असेल. पुढचे दिवस, २६ आणि २७, याच टेकडीवर ठरवलेत. लाल उताराचं त्या दोन दिवसांत बघू, उजव्या वळणांचा हिशेब दहात आठवर आला तर. कुणाकडे बुटात टाच बसवण्याची यापेक्षा चांगली युक्ती असेल तर सांगा. घोट्याभोवती लावायच्या पातळ गाद्यांबद्दल ऐकलंय, वापरलेल्यांचा अनुभव हवा आहे.