गोधडी, नोंद सहावी: एकवीसची रांग

तिसरी रांग काल रात्री जोडून झाली. बेचाळीसपैकी एकवीस चौकोन झाले, आणि ही रांगही नेमकी एकवीसचीच निघाली. ठरवून केलेलं नाही, देवाशपथ.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. बेसबॉलमधल्या रिटायर झालेल्या जर्सी नंबरांची गोधडी शिवते आहे. (नंबर रिटायर करणं म्हणजे एखाद्याच्या मानासाठी क्लबने तो पुन्हा कुणालाच न देणं.) दहा इंची चौकोन, आडवे सात आणि उभे सहा. बेचाळीस मात्र ठरवून घेतले. आधुनिक मेजर लीगमधला (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन, त्याचा ४२ हा १९९७ साली सगळ्या लीगसाठी रिटायर झाला, त्याला एकाच चौकोनात कोंबायचं जिवावर आलं. पोटात आईची जुनी सुती लुगडी घातली आहेत. नियम एकच: नंबर खरोखर रिटायर झालेला असेल तर मशीनवर पक्की झिगझॅग शिलाई. झालेला नाही, पण व्हायला हवा असं मला वाटतं, तो हाताने कच्च्या टाक्यांनी टाचायचा. उद्या मत बदललं तर उसवता येतो.

आईला व्हिडिओ कॉलवर रांग दाखवली. ती म्हणाली, "अगं, एकवीस सात वेळा? गणपतीला दूर्वा वाहतेयस की काय?"

सातांपैकी चार पक्के. वॉरन स्पॅन आणि बॉब लेमन एका संध्याकाळीच उरकले, त्यांच्याबद्दल वाद घालायला कुणी येत नाही. स्पॅनसारखा ३६३ सामने जिंकणारा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) दुसरा झालेला नाही, विषय संपला.

रॉबर्टो क्लेमेंटेला मात्र चार दिवस लागले. पिवळ्या काठावर काळा आकडा, आणि दोनाच्या मानेपाशी कापडाला सुरकुती पडत होती. तीनदा उसवलं. शेवटी वळणावर दर दोन टाक्यांनी सुई कापडातच रुतवून ठेवून, मशीनचा पाय उचलून कापड केसभर फिरवत गेले, तेव्हा कुठे जमलं. (आणखी एक: इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावणार असाल तर आकडा मागच्या बाजूने उलटा आखा. माझा पहिला २ आरशातला निघाला.) क्लेमेंटेने ३० सप्टेंबर १९७२ ला तीन हजारावी हिट मारली. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान पोर्तो रिकोच्या समुद्रात पडलं. वय ३८. त्याच्या क्लबने, पायरेट्सनी, १९७३ मध्ये २१ रिटायर केला, आणि पुढे नवं मैदान बांधलं तेव्हा उजवीकडची भिंत २१ फूट उंच ठेवली. मला तर कोनशिलेपेक्षा ही भिंत आवडते. चेंडू तिच्यावर आपटून परत येतो, म्हणजे ती अजून खेळात आहे.

चौथा पॉल ओ'नील. इथे न्यू जर्सीत माझे निम्मे शेजारी यँकीजवाले (न्यूयॉर्कचा क्लब, ओ'नील त्यांचाच), त्यामुळे जपून लिहिते. यँकीजनी वीसहून जास्त नंबर रिटायर केलेत, एक ते नऊपर्यंत एक आकडा शिल्लक ठेवला नाही. त्यात ओ'नीलची भर पडली २०२२ मध्ये. नुसती आकडेवारी बघितली तर मी त्याला कच्च्या टाक्यांतच ठेवलं असतं. पण २००८ ची गोष्ट आठवा. ओ'नील जाऊन सात वर्षं झाली होती आणि लाट्रॉय हॉकिन्स नावाच्या पिचरने २१ घातला. त्याने तो क्लेमेंटेच्या आठवणीसाठी घेतला होता बिचाऱ्याने! पण घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि एप्रिल संपायच्या आत त्याने २२ घेतला. आपल्याकडे २०१७ मध्ये कोलंबोला शार्दुल ठाकूर १० नंबर घालून उतरला, तेव्हा झालं तेच की. पुढे शार्दुल ५४ घालून आला, आणि सचिनचा १० घडी घालून ठेवला गेला. ठराव-बिराव नंतरचे. नंबर रिटायर प्रेक्षक करतात, संघ फक्त सही करतो. म्हणून ओ'नील पक्का.

आता उरलेले तीन.

रॉजर क्लेमेन्स. एका सामन्यात २० स्ट्राइकआउट (चेंडू टाकून बाद केलेले फलंदाज), तेही दोनदा, १९८६ आणि १९९६ मध्ये, दोन्ही वेळा बॉस्टनसाठी. तो गेल्यापासून रेड सॉक्सनी २१ कुणालाही दिलेला नाही आणि रिटायरही केलेला नाही. उत्तेजकांचे आरोप आहेत, पुढे तो यँकीजकडे गेला हेही आहे. (तिथे २१ ओ'नीलकडे, म्हणून याला आधी १२ आणि मग २२ घालावा लागला. हसू येतं.) बॉस्टनवाल्यांचं हे वागणं मला पटत नाही. द्यायचा तर द्या, नाही तर एखाद्या पोराला घालू द्या. खुंटीला अडकवून काय ठेवलाय? कच्चे टाके, पांढऱ्या दोऱ्याने.

सॅमी सोसा. त्यानेही २१ क्लेमेंटेसाठीच घेतलेला. तीन हंगामांत साठाच्या वर होम रन, १९९८, १९९९ आणि २००१, असं दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. पण तो गेल्यावर त्याच्या क्लबने, शिकागो कब्जनी, नंबर दुसऱ्यांना दिला आणि शिकागोत फारसं काही पेटलं नाही. हॉकिन्सची कसोटी लावली तर सोसा नापास. मी आकडा नुसता खडूने आखून सोडलाय. धुतला की जाईल.

आणि कर्ट फ्लड. खरं तर ही सगळी रांग मी त्याच्यासाठी मांडली.

फ्लड सेंट लुईसच्या कार्डिनल्सचा सेंटर फील्डर (मैदानाच्या मधल्या टोकाचा क्षेत्ररक्षक), सलग सात गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाची बक्षिसं. १९६८ च्या वर्ल्ड सिरीजच्या (अजिंक्यपदाची मालिका) सातव्या सामन्यात एका चेंडूचा त्याचा अंदाज चुकला आणि सिरीज हातची गेली, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर १९६९ मध्ये क्लबने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्या काळी करार संपला तरी खेळाडू क्लबच्याच मालकीचा राहायचा. फ्लडने कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहून कळवलं की विकायची-विकत घ्यायची वस्तू मी नाही. मग खटला. १९७० चा अख्खा हंगाम घरी बसला, १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून १३ सामने, आणि कारकीर्द संपली. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात तो ५ विरुद्ध ३ असा हरला. तीनच वर्षांनी लवादाच्या निकालाने दुसऱ्या खेळाडूंना ते स्वातंत्र्य मिळालं. त्याला मिळालं नाही.

त्याच सौद्यात फिलाडेल्फियाहून कार्डिनल्सकडे आलेल्या डिक अॅलनचा १५ फिलीजनी (फिलाडेल्फियाचा क्लब) २०२० मध्ये रिटायर केला. कार्डिनल्सनी ८५ रिटायर केलाय, ऑगस्ट बुश यांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाचा. बुश कधी खेळले नाहीत, ते मालक होते. फ्लडला देऊन टाकलं तेव्हाही तेच मालक होते. आणि २१? तो लार्स नूटबारच्या पाठीवर मी कितीदा पाहिलाय, आणि स्टेडियममध्ये कुणी हूं की चूं केलेलं नाही. पोराची काहीच चूक नाही.

म्हणजे माझ्याच कसोटीत फ्लडही नापास होतो. प्रेक्षकांनी त्याचा नंबर राखला नाही. रविवारी तासभर सुई हातात धरून बसले, मग मशीनवर घेतला आणि झिगझॅग मारली. दोन फेऱ्या.

वर एक घोळ झाला. फ्लडचं लाल कापड आधी धुतलं नव्हतं. रांग जोडून पाण्यात घातली तर रंग सुटला आणि शेजारच्या क्लेमेंटेच्या पिवळ्या काठावर बोटभर नारिंगी डाग पडला. दुकानदाराने "पक्का रंग" म्हणून दिलं होतं. लाल कापड घ्याल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळं धुवा, कुणी काहीही सांगो. क्लेमेंटेचा चौकोन बदलायचा विचार होता, पण ते चार दिवस आठवले आणि राहू दिला.

पुढची रांग ४४ ची. हँक अॅरनचेच दोन होतील, ब्रेव्ह्ज आणि ब्रूअर्स या त्याच्या दोन क्लबांचे, शिवाय रेजी जॅक्सन आणि विली मॅकोव्ही. मॅकोव्हीसाठी जायंट्सचं नारिंगी कापड लागेल. रंग न जाणारं कुणाला माहीत असेल तर आत्ताच सांगा, शनिवारी दुकानात जाणार आहे.