लेआउट म्हणजे बाप नव्हे

मामाच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी बिलाचं छोटं सॉफ्टवेअर लिहितोय, पायक्यूटीमध्ये, म्हणजे पायथनमधून विंडो-बटणं बनवायला क्यूटी लायब्ररी वापरून (क्यूटीचा उच्चार खरं तर 'क्यूट' आहे, पण मी काय तसं म्हणणार नाही). विंडो साधीच, वर गिऱ्हाइकाचं नाव, मधे मालाच्या ओळी, खाली टोटल. प्रत्येक ओळीत नाव, नग, भाव, रक्कम आणि ओळ उडवायला फुलीचं बटण. म्हणजे एक उभा लेआउट (विंडोतल्या वस्तू मांडणारा), त्याच्या पोटात अजून एक उभा, आणि त्याच्या पोटात दर ओळीचा एक आडवा. दोन तासांचं काम वाटलेलं, शनिवार-रविवार दोन्ही गेले.

पहिला घोळ किरकोळ होता. ओळी वरच्या बाजूला राहाव्यात म्हणून शेवटी उरलेली मोकळी जागा खाणारा अ‍ॅडस्ट्रेच टाकलेला, मग नवीन ओळ अ‍ॅडलेआउटने जोडली की ती थेट तळाला, कारण स्ट्रेच हाही लेआउटमधला एक आयटमच आहे आणि नवीन ओळ त्याच्या मागे जाऊन उभी राहते. हव्या त्या जागी घुसवणारं इन्सर्टलेआउट वापरलं, जागा काउंट (एकूण आयटम) वजा १, झालं.

खरी डोकेदुखी शोधायला गेल्यावर. नगाच्या खान्याला ऑब्जेक्टनेम (कोडमधलं नाव) दिलं, त्या ओळीच्या आडव्या लेआउटवर त्या नावाचं पोर, म्हणजे त्याच्या मालकीची वस्तू, शोधणारं फाइंडचाइल्ड मारलं, उत्तर 'नन', म्हणजे काहीच नाही. स्पेलिंग तीनदा तपासलं. शेवटी विंडोवर डम्पऑब्जेक्टट्री (बाप-पोरांची वंशावळ छापणारं) चालवलं तेव्हा ट्यूब पेटली, सगळ्या ओळींचे सगळे खाने थेट विंडोची पोरं म्हणून एका रांगेत, आणि लेआउटच्या खाली फक्त पोटातले लेआउट, बाकी कोणी नाही. म्हणजे लेआउट हा पंगत बसवणारा माणूस, कोण कुठे बसणार, किती जागा सोडायची एवढंच तो बघतो, बसलेल्यांचा बाप तो नव्हेच. बाप म्हणजे ज्या विजेटवर (दिसणाऱ्या वस्तूवर, इथे विंडोवर) सगळ्यात वरचा लेआउट लावलाय तो. मग त्याच्यावर फाइंडचाइल्ड मारलं तर दरवेळी पहिल्याच ओळीचा खाना हातात, कारण नावं सगळ्यांची सारखीच ना!

ओळ उडवतानाही तेच. आतला लेआउट रिमूव्हआयटमने काढला, तो गेला, पण खाने स्क्रीनवर जागच्या जागी, आणि खालची ओळ वर सरकून त्यांच्या अंगावर. पंगत मोडली म्हणून माणसं गायब होत नाहीत.

मग मी ओळीसाठी क्यूविजेट या मूळ विजेटवरून एक स्वतंत्र क्लासच (वस्तूचा साचा) बनवला, आडवा लेआउट त्याच्या आत. आता त्या ओळीच्या खान्यांचा बाप ती ओळच, तिच्यावर फाइंडचाइल्ड मारलं की बरोबर तिचाच नग येतो, आणि तिला डिलीटलेटर केलं की आतलं सगळं तिच्याबरोबर जातं. शिवाय ओळीला लाल बॉर्डर लावून कुठे काय बसलंय ते बघता येतं, नुसत्या लेआउटला रंग लावता येत नाही कारण तो दिसणारी वस्तूच नाही.

एवढं करून मामाला दिलं आणि दुसऱ्या दिवशी फोन. "अरे, खिळ्यांची ओळ उडवली तरी टोटल तेवढीच कशी?" डिलीटलेटर नावाप्रमाणे नंतर पुसतं, इव्हेंट लूपकडे (क्लिक वगैरे एकेक हाताळणारं चक्र) कंट्रोल परत गेल्यावर, आणि मी टोटल लगेच, फाइंडचिल्ड्रनने ओळी गोळा करून काढत होतो, तर मेलेली ओळही त्यात हजर. दुसरी तक्रार अजून भारी, मधे घुसवलेली ओळ प्रिंटमध्ये सगळ्यात शेवटी. फाइंडचिल्ड्रनला स्क्रीनवरचा क्रम माहीतच नसतो, पोरं ज्या क्रमाने बापाकडे आली त्याच क्रमाने देतं.

दोन्हीला औषध एकच निघालं. ओळ उडवताना आधी लेआउटवर रिमूव्हविजेट, मग डिलीटलेटर, आणि टोटल असो की प्रिंट, लेआउटवरच शून्यापासून काउंटपर्यंत त्या त्या नंबरचा आयटम देणारं आयटमअ‍ॅट फिरवत प्रत्येकाचा विजेट घ्यायचा. बाप कोण ते विजेटला विचारा, क्रम मात्र पंगतवाल्यालाच विचारा.

फक्त शेवटचा आयटम तो स्ट्रेच, त्याला विजेट मागितला की 'नन' येतो, तिथे 'नन' आहे का बघणारा एक इफ टाकायचा राहिला तर एरर येतो आणि पायक्यूटी अख्खा प्रोग्रामच बंद करून टाकतं. माझा राहिला होता, आणि तेव्हा मामाच्या समोर चार गिऱ्हाइकं उभी होती.