बावखल बुजवण्याआधी

मुंबईच्या वेशीवर, वसईच्या वाड्यांतली बावखलं, म्हणजे पाणी साठवायला खोदलेली तळी, ही काही शोभेची नव्हेत. एका गुंठ्याचं, म्हणजे साधारण 100 चौरस मीटरचं, उभ्या काठांचं बावखल उन्हाळ्यात दोन मीटर खाली गेलं, तर पावसाळ्याच्या सुरुवातीचं सुमारे दोन लाख लिटर पाणी त्यात मावतं आणि हळूहळू मुरतं. त्यावर भराव पडला की तेच पाणी शेजारच्या केळीत शिरतं. पुढे उन्हाळ्यात विहिरी उतरतात, पंप मात्र तितकाच चालतो, आणि खाडीकडचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं.

गाळ काढायचा तो मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर. काठावर ढीग ठेवला तर पहिल्याच सरीत तो परत आत जातो. म्हणून केळीच्या आळ्यांत घालावा. सांडपाण्याचा पाइप येत असेल तर तो आधी बंद करावा आणि असा गाळ वाडीत वापरू नये. काठ काँक्रीटने बांधू नयेत (सुशोभीकरणवाल्यांना हा मोह फार!), कारण पाझर काठांतूनही होतो.

कांदळवनांभोवती 50 मीटर पट्टा राखायचं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बजावलं. बावखलांभोवती निदान ओंजळभर माती तरी मोकळी ठेवा.